दगड कोणाच्या हातात?



दहावी-बारावीतली मुलगी अचानक जेवताना गप्प बसू लागली, रात्री उशिरापर्यंत जागी राहू लागली, क्लासला जायला नको म्हणू लागली, तर आपण काय समजतो? अभ्यासाचा ताण असेल, वयाचा परिणाम असेल, मैत्रिणीशी बिनसले असेल. मोबाईलवर तिच्या रंगावरून, जाडीवरून, जातीवरून किंवा गळ्यातल्या क्रुसावरून कित्येक अनोळखी माणसे तिला हिणवत असतील, हे आपल्या मनातही येत नाही. तीही आपल्याला काही सांगत नाही. सांगितले तर आधी मोबाईल काढून घेतला जाईल आणि मग, "तू कशाला टाकलास फोटो?" असा प्रश्न येईल, हे तिला पक्के ठाऊक असते.

या छळाला आता मराठीतही ट्रोलिंग हाच शब्द रूढ झाला आहे. साधी थट्टा म्हणजे ट्रोलिंग नव्हे. मतभेद किंवा कडक टीका म्हणजेही ट्रोलिंग नव्हे. एखाद्याला डिवचावे, लाजवावे, रडवावे आणि शेवटी गप्प करावे, या हेतूने केलेला शब्दांचा मारा म्हणजे ट्रोलिंग. एप्रिल २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बोर्डाच्या दहावीच्या परीक्षेत राज्यात पहिली आलेल्या मुलीचा फोटो प्रसिद्ध झाला. तिचे गुण बाजूला राहिले आणि तिच्या चेहऱ्यावरील केसांवरून देशभर टिंगल सुरू झाली. आपल्या ख्रिस्ती तरुणांना 'राईस बॅग' म्हणून हिणवले जाते, म्हणजे तांदळाच्या पोत्यासाठी धर्म बदललेल्यांची मुले. आपल्यापैकी अनेकांच्या मुलांनी हा शब्द वाचलेला आहे. घरी त्याचा उच्चार झालेला नाही, इतकेच.

अशा वेळी कोणाचे काय कर्तव्य आहे? ज्याच्यावर मारा होतो त्याने काय करावे, जो मारा करतो त्याचे काय करावे, आणि जे पाहत उभे असतात त्यांचे काय? या तिन्ही प्रश्नांवर आज थोडा विचार करू या.

हे पूर्वी नव्हते का?

"आमच्या वेळी असले काही नव्हते," असे आपण सहज म्हणतो. पण ते खरे नाही. सावित्रीबाई फुले पुण्यात मुलींना शिकवायला निघत तेव्हा त्यांच्या अंगावर शेण आणि दगड फेकले जात, हे आपण शाळेत शिकलो आहोत. त्याच पुण्यात १८९० साली पंचहौद मिशनचे प्रकरण घडले. गोपाळराव जोशी नावाच्या गृहस्थांनी शहरातल्या नामवंत मंडळींना या प्रॉटेस्टंट मिशनमध्ये बोलावणे धाडले. तेथे पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटे ठेवली गेली. काहींनी चहा घेतला, काहींनी नुसता शिष्टाचार म्हणून पेला हातात घेतला. पुढे सर्व उपस्थितांची नावे 'पुणे वैभव' या वर्तमानपत्रात छापून आली. मिशनऱ्यांच्या हातचा चहा घेतला म्हणून शहरात गदारोळ उठला, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, घराघरांवर बहिष्काराचे संकट आले. त्या यादीत लोकमान्य टिळक होते आणि आपल्याच नाशिक जिल्ह्यातल्या निफाड गावी जन्मलेले न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे होते. हायकोर्टाचा न्यायाधीश होऊ घातलेला हा माणूस! आपल्यामुळे स्नेह्यांच्या व त्यांच्या घरच्यांच्या हालाला पारावार उरला नाही म्हणून त्यांनी १८९२ साली प्रायश्चित्त घेतले, आणि त्यासाठी पुन्हा सुधारकांचीही बोलणी खाल्ली.

एकाने गंमत म्हणून जाळे लावायचे, नावे चारचौघांत टाकायची, मग गर्दीने तुटून पडायचे. आज मोबाईलवर घडते ते याहून फार वेगळे आहे काय? माणसाचा स्वभाव तोच आहे. काही गोष्टी मात्र बदलल्या आहेत आणि त्या आपण मोठ्यांनी समजून घेतल्या पाहिजेत. पूर्वी चावडीवरची कुचेष्टा घराच्या उंबऱ्यावर थांबत असे. आता ती उशाशी येते. पूर्वी लोक विसरत. आता फोटो आणि शब्द वर्षानुवर्षे राहतात. पूर्वी बोलणाऱ्याचे तोंड दिसे. आता खोट्या नावाआड लपता येते. आणि रानडे तेव्हा पन्नाशीला आले होते, आपली मुलगी पंधरा वर्षांची आहे.

फेकणारे कोण?

आपल्याला वाटते, असे लिहिणारे कोणी गुंड, रिकामटेकडे, वाया गेलेले लोक असतील. ऑक्टोबर २०२१ मध्ये भारतीय संघ विश्वचषकाच्या सामन्यात हरला, त्यानंतर कर्णधार विराट कोहली यांच्या वर्षही न झालेल्या मुलीला बलात्काराची धमकी देण्यात आली. मुंबई पोलिसांनी अटक केली तो तरुण २३ वर्षांचा, हैदराबादचा, आयआयटीतून शिकलेला होता. (तो आरोप न्यायालयात सिद्ध झालेला नाही. तक्रारदारांच्या संमतीने मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ साली तो गुन्हा रद्द केला.) जानेवारी २०२२ मध्ये 'बुल्ली बाई' नावाच्या अ‍ॅपवर मुस्लिम स्त्रियांचे फोटो टाकून त्यांचा जणू लिलाव मांडला गेला. मुंबई पोलिसांनी या प्रकरणात ज्यांना पकडले त्यांत एक मुलगी अवघी १८ वर्षांची होती आणि एक विद्यार्थी २१ वर्षांचा, इंजिनीअरिंग शिकणारा होता.

ही वये वाचून अंगावर काटा येतो, कारण ही आपल्या मुलांची वये आहेत. कॉलेज रोडला क्लासला जाणारी, देवळालीत किंवा नाशिकरोडला क्रिकेट खेळणारी, रविवारी वाचन वाचणारी मुलेच या वयाची असतात. आपले मूल छळ सोसणारे असू शकते, तसे छळ करणारेही असू शकते. पहिली भीती आपण बोलून दाखवतो. दुसरी मनातही येऊ देत नाही.

अशी मुले सगळी दुष्ट असतात काय? आम्हाला तसे वाटत नाही. एकट्याने एखाद्या मुलीच्या तोंडावर जे बोलायला मुलगा धजणार नाही, ते तो चाळीस जणांच्या ग्रुपमध्ये सहज लिहितो. कारण तेथे त्याला तिचे डोळे दिसत नाहीत, पाठीशी मित्रांचे हसणे असते, आणि आपला एक शब्द म्हणजे ढिगातला एक खडा, त्याने कोणाला काय लागणार, असे त्याला वाटते. पण जिच्या अंगावर तो ढीग पडतो, तिला सगळेच खडे लागतात.

वडीलधाऱ्यांपासून सुरुवात

योहानलिखित शुभवर्तमानाच्या आठव्या अध्यायातला प्रसंग आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. व्यभिचारात पकडलेल्या स्त्रीला शास्त्री आणि परुशी येशूपुढे उभे करतात. हातात दगड घ्यायला सगळे तयार आहेत. प्रभू काय करतो? तो गर्दीशी वाद घालत नाही. तो खाली वाकतो, जमिनीवर लिहितो, आणि मग असे एक वाक्य बोलतो की प्रत्येकाला आपापल्या आत पाहावे लागते. त्या क्षणी ती गर्दी गर्दी राहत नाही, एकेक माणूस वेगळा होतो. शुभवर्तमानकार पुढे एक बारीक गोष्ट नोंदवतो, जी आपण पुष्कळदा ऐकूनही सोडून देतो. ते सारे एकेक करून निघून गेले, आणि सुरुवात वडीलधाऱ्यांनी केली.

मुलांच्या ट्रोलिंगवर बोलताना आम्हाला हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. आधी मोठ्यांनी हात मोकळे करायचे आहेत. आपल्या नात्यागोत्याच्या, सोसायटीच्या, अगदी चर्चच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर काय चालते ते एकदा तपासून पाहावे. कोणाच्या लग्नाच्या फोटोवर कुजबुज, कोणाच्या मुलीबद्दल ऐकीव गोष्ट, दुसऱ्या धर्माच्या लोकांवर शेरे, एखाद्या फादर-सिस्टरांबद्दल शहानिशा न करता पुढे ढकललेला मजकूर. बाजूच्या खुर्चीवर बसलेले मूल आपल्या हसण्याकडे पाहत असते. कोणावर हसायचे, हे ते तेथेच शिकते.

ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथात, खोट्या साक्षीविरुद्धच्या आठव्या आज्ञेच्या विवरणात, तीन अपराध वेगवेगळे सांगितले आहेत. पुरेसा आधार नसताना दुसऱ्याचा दोष खरा मानणे हा पहिला. दोष खरा असला तरी योग्य कारण नसताना तो माहीत नसलेल्यांना सांगत सुटणे हा दुसरा. आणि धडधडीत खोटे बोलून एखाद्याचे नाव घालवणे हा तिसरा. "पण ते खरेच होते," हा बचाव दुसऱ्या अपराधातून आपल्याला सोडवत नाही. "मी लिहिले नाही, नुसते फॉरवर्ड केले," हाही नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०२० च्या 'फ्रातेल्ली तुत्ती' या परिपत्रकात ऑनलाईन आक्रमकतेबद्दल लिहिताना, कॅथॉलिक माध्यमांतही मर्यादा ओलांडल्या जाऊ शकतात, बदनामी तेथेही नित्याची होऊ शकते, असा स्पष्ट इशारा दिला आहे. तो आपल्याला उद्देशून आहे असे समजून वाचावा.

गप्प बसणे म्हणजे क्षमा का?

आता ज्याच्यावर मारा होतो त्याच्याविषयी. आपण मुलांना सांगतो, "दुर्लक्ष कर. प्रभूने दुसरा गाल पुढे करायला सांगितले आहे." हे सांगण्यापूर्वी योहानाच्याच शुभवर्तमानातला आणखी एक प्रसंग आठवावा. महायाजकापुढे चौकशी चालू असताना एका शिपायाने येशूच्या तोंडात मारली. प्रभूने उलट हात उगारला नाही. पण तो गप्पही बसला नाही. माझे चुकले असेल तर ते दाखवून दे, आणि चुकले नसेल तर मारलेस का, असा सरळ जाब त्याने विचारला. सूड घेऊ नये ही प्रभूची शिकवण आहे. अन्यायाला अन्याय म्हणू नये, अशी मात्र ती नाही. क्षमा आपण मनातून करतो, पण छळ थांबवणे हे मोठ्यांचे काम आहे. त्यासाठी पंधरा वर्षांच्या मुलीने एकटीने सोसत राहण्याची गरज नाही.

'दुर्लक्ष कर' हा सल्ला कधी बरोबर असतो आणि कधी घातक, हे ओळखायला काही प्रश्न उपयोगी पडतात. लिहिणारा अनोळखी आहे की वर्गातला, शेजारचा? एकदाच लिहिले की पुनःपुन्हा? मतावर बोलतो आहे की शरीरावर, जातीवर, धर्मावर? धमकी किंवा फोटो मध्ये आला आहे का? अनोळखी माणसाचा एखादा कुत्सित शेरा असेल तर उत्तर न देणे, त्याला ब्लॉक करणे पुरते, कारण त्याला आपली चिडचिडच हवी असते. पण छळणारा ओळखीचा असेल, तेच ते रोज चालू असेल, किंवा धमकी वा फोटोचा प्रश्न असेल, तर दुर्लक्ष केल्याने तो सोकावतो. तेव्हा मोठ्यांनी पुढे झालेच पाहिजे.

अशा वेळी घरात पुढील गोष्टी कराव्यात. पहिले वाक्य, "तू सांगितलेस ते फार बरे केलेस," असे असावे. मोबाईल हिसकावू नये. तसे केल्यास पुढच्या वेळी मूल सांगणारच नाही. काही पुसून टाकण्याआधी मजकुराचे स्क्रीनशॉट घ्यावेत, त्यात तारीख व खात्याचे नाव दिसू द्यावे. मात्र अल्पवयीन मुलाचा अश्लील फोटो असेल तर पुरावा म्हणूनही तो कोणाला पाठवू नये, कारण तो पुढे पाठवणे हाच गुन्हा आहे. तो पोलिसांना त्याच मोबाईलवर दाखवावा. खात्याची तक्रार त्या कंपनीकडे करावी. अशी छायाचित्रे व खोटी खाती तक्रार आल्यावर ठरावीक मुदतीत काढणे २०२१ च्या नियमांनी कंपन्यांवर बंधनकारक केले आहे. चेहरा जोडून बनावट अश्लील फोटो करणे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांमुळे सोपे झाले आहे. अशा वेळी दोष मुलीचा नसतो, हे तिला घरातूनच ऐकायला मिळाले पाहिजे.

नाशिक शहर पोलिसांचे स्वतंत्र सायबर पोलीस ठाणे आहे, आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर घरबसल्याही तक्रार करता येते. मुलांसाठी १०९८ ही मदतवाहिनी आहे. मनावर फार ताण आला असेल तर 'टेली-मानस'च्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते. मूल जिवाचे बरेवाईट करण्याचे बोलू लागले, तर "नाटके करतो आहे" असे म्हणू नये. त्याला क्षणभरही एकटे सोडू नये आणि लगेच डॉक्टरांची मदत घ्यावी.

कायदाही आपल्या पाठीशी आहे. दुसऱ्याच्या नावाने खोटे खाते चालवणे, खासगी फोटो पसरवणे हे माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली गुन्हे आहेत. स्त्रीचा ऑनलाईन पाठलाग करणे, नाव लपवून धमकावणे हे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेनुसार गुन्हे आहेत.

येथे एक सावधगिरी हवी. न आवडलेले प्रत्येक बोलणे म्हणजे छळ नव्हे. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर झालेल्या बंदबद्दल पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर प्रश्न उपस्थित केला आणि दुसरीने तो 'लाईक' केला. दोघींना अटक झाली, एकीच्या काकांच्या इस्पितळाची मोडतोड झाली. ज्या ६६-अ कलमाचा तेव्हा आधार घेतला गेला, ते कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले, आणि त्यासाठी याचिका करणारी कायद्याची एक तरुण विद्यार्थिनी होती. येथे प्रश्न विचारणारी मुलगी छळ करणारी नव्हती. छळ करणारी होती ती गर्दी. आपल्या मुलांना वेगळे मत मांडण्याचे धैर्य असावे आणि दुसऱ्याचे वेगळे मत ऐकण्याची सवयही असावी.

आपलेच मूल फेकणारे निघाले तर?

ही वेळ आली तर दोन मोह होतात. एक, "माझा मुलगा असे करणारच नाही," म्हणून झाकून घेण्याचा. दुसरा, त्याला सर्वांसमोर मारून, लाजवून मोकळे होण्याचा. पहिल्याने तो आणखी निर्ढावतो. दुसऱ्याने तो एवढेच शिकतो की बलवानाने दुबळ्याला लाजवायचे असते, आणि ते तर त्याला आधीच येत होते.

ख्रिस्तसभेची वाट वेगळी आहे. अपराध कबूल करायचा, पश्चात्ताप करायचा आणि नुकसान भरून द्यायचे. पापनिवेदनाने देवाची क्षमा मिळते, पण दुसऱ्याचे घालवलेले नाव परत मिळवून देण्याचे कर्तव्य त्याने संपत नाही, असे धर्मशिक्षण सांगते. म्हणून मुलाने तो मजकूर काढावा. ज्या ग्रुपमध्ये लिहिले त्याच ग्रुपमध्ये, "मी लिहिले ते चुकीचे होते," असे लिहावे. ती मुलगी आणि तिच्या घरचे तयार असतील तरच, आईवडिलांबरोबर जाऊन क्षमा मागावी. हे अवघड आहे. पण त्या दिवशी त्याला पहिल्यांदा तिचे डोळे दिसतील. आणि गावाने त्या मुलावर तुटून पडू नये, कारण तो दगडफेकीचाच दुसरा प्रकार होईल. प्रभूने त्या स्त्रीला दोषी ठरवले नाही, आणि पुन्हा पाप करू नकोस असेही सांगितले. यांतले एकच घेऊन चालत नाही.

पाहत उभे राहणारे

शेवटी राहिले पाहणारे. संख्येने तेच सर्वांत जास्त असतात. छळणारे चार आणि सोसणारी एक असली, तर ग्रुपमध्ये गप्प बसलेले पस्तीस असतात. त्यांच्यातल्या एकाने जरी "हे बरे नाही, बंद करा," असे लिहिले, किंवा तिला वेगळा फोन करून "मी तुझ्या बाजूने आहे," असे सांगितले, तरी ती एकटी राहत नाही. ७ सप्टेंबर २०२५ रोजी पोप लिओ चौदावे यांनी संत म्हणून घोषित केलेला कार्लो अकुतिस हा पंधराव्या वर्षी, २००६ साली वारलेला मुलगा होता. संगणकाची त्याला फार आवड होती, आणि शाळेत ज्या मुलांना इतर त्रास देत त्यांच्या बाजूने तो उभा राहत असे. असे उभे राहणे आपल्या मुलांच्याही आवाक्यातले आहे.

आपल्या युवक मंडळाने एका सभेत या विषयावर मोकळेपणाने बोलावे, आणि त्या सभेत मोठ्यांनी भाषण न देता ऐकावे, अशी आमची विनंती आहे. धर्मशिक्षणाच्या वर्गात आठवी आज्ञा शिकवताना मोबाईलचे उदाहरण घ्यावे. आणि या आठवड्यात आपण प्रत्येकाने एक काम करावे. ज्या ग्रुपमध्ये कोणाची टवाळी चालली आहे तेथे एक वाक्य लिहून ती थांबवावी. मुलांना सांगण्याआधी आपण मोठ्यांनी हे करायचे आहे. त्यासाठी लागणारे धैर्य प्रभू आपल्याला देवो.